काम संपल्यावर संगणक शटडाऊन करावा की स्लीपमध्ये ठेवावा?

अनुस्वार यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप आहे. दोन्हींवर विंडोज ११ असून लेखन, हिशेब आणि थोडेफार छायाचित्र-संपादन एवढाच त्यांचा उपयोग होतो. काम संपले की डेस्कटॉप शटडाऊन करायचा आणि लॅपटॉपचे झाकण नुसते मिटायचे, असा माझा आजवरचा शिरस्ता आहे. मात्र दररोज त्याच फाइली आणि तेच प्रोग्राम नव्याने उघडण्यात जाणारा वेळ खटकू लागल्याने डेस्कटॉपही स्लीपमध्येच ठेवावा, असे मनात येते.

कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, वारंवार बंद-चालू केल्याने यंत्राचे आयुष्य घटते, म्हणून स्लीपच उत्तम. दुसरे सहकारी तितक्याच ठामपणे सांगतात की, संगणक रोज पूर्ण बंद केला नाही तर तो मंदावतो आणि वीजही वाया जाते. यांपैकी कोणाचे म्हणणे कितपत खरे आहे? आणि डेस्कटॉप व लॅपटॉप यांना एकच नियम लावता येईल का?

कळफलक यांचा प्रतिसाद

स्लीप म्हणजे यंत्र मंद गतीने का होईना चालूच राहते, असे आपल्या दोन्ही सहकाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसते. निदान डेस्कटॉपच्या बाबतीत तसे नसते.

संगणकाच्या वीजविषयक अवस्था ठरवून देणारे एसीपीआय हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्यात एस३ ही पारंपरिक स्लीपची, एस४ ही हायबरनेटची आणि एस५ ही शटडाऊनची अवस्था आहे. एस३ मध्ये प्रोसेसर, पंखे आणि हार्ड डिस्क यांचा वीजपुरवठा तुटतो. जागी राहते ती केवळ रॅम, म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता धरून ठेवणारी स्मृती, आणि कीबोर्डाची कळ किंवा पॉवरचे बटण दाबले गेल्याची दखल घेणारा थोडासा भाग. रॅमला वीज लागण्याचे कारण असे की, तिच्यातील प्रत्येक बिट अतिसूक्ष्म कपॅसिटरवरील विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो आणि तो भार सतत गळत असल्याने साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. हायबरनेटमध्ये रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो, त्यामुळे रॅमची वीजही तोडता येते.

आता पहिल्या सहकाऱ्यांचा मुद्दा पाहा. स्लीपमध्ये डिस्क आणि पंखे थांबतात, प्रोसेसर थंड होतो, आणि जागे होताना हे सर्व पुन्हा सुरू होते. म्हणजे तापण्या-निवण्याचा आणि थांबण्या-फिरण्याचा जो ताण शटडाऊनमुळे पडतो असे ते म्हणतात, तो स्लीपमुळेही बव्हंशी तितकाच पडतो. त्यांचा युक्तिवाद खरा मानला, तरी तो संगणक अहोरात्र जागा ठेवण्याच्या बाजूने जातो. स्लीपच्या बाजूने नव्हे.

रोधक यांचा प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. त्यात विजेच्या हिशेबाची भर घालतो, कारण या विषयावर आकडे न मांडताच पुष्कळ बोलले जाते.

साधा डेस्कटॉप काही न करता नुसता जागा असेल, तर मॉनिटर वगळून सुमारे ५० वॅट घेतो असे धरू. स्लीपमध्ये तो सुमारे २ वॅट घेतो, आणि शटडाऊननंतरही प्लग लावलेला असेल तर अर्धा वॅट जातोच, कारण पॉवर सप्लायचा एक भाग बटणाची वाट पाहत जागा असतो. दिवसातील १६ तास संगणक वापरात नसतो असे मानले, तर वर्षाला जागा ठेवण्याचा खर्च २९२ युनिट, स्लीपचा जेमतेम १२ युनिट आणि शटडाऊनचा ३ युनिट येतो. आपल्या यंत्राचे आकडे थोडे वेगळे निघतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. स्लीप आणि शटडाऊन यांच्यातील फरक वर्षाकाठी ९ युनिटांचा. खरी उधळपट्टी होते ती संगणक जागा ठेवून निघून जाण्यात. चित्रे हलवत बसणाऱ्या स्क्रीन सेव्हरने वीज वाचते, हा समजही तसाच बिनबुडाचा आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र कायमचे उमटू नये म्हणून तो आला आणि मॉनिटर बदलले तरी तो राहिला.

झिजेबद्दल एवढेच सांगतो की, चालू करताना येणारा विजेचा लोंढा आवरण्यासाठी बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर बसवलेला असतो, आणि हार्ड डिस्कच्या थांबण्या-फिरण्याच्या मर्यादाही उत्पादक हजारांच्या पटीत देतात. दिवसातून एक-दोनदा बंद-चालू करणाऱ्याने त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

डेस्कटॉप स्लीपमध्ये ठेवणार असाल, तर एक गोष्ट अवश्य तपासा. स्लीपमध्ये असताना वीज गेली तर रॅममधील सारे पुसले जाते. त्यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये व्हिस्टापासून हायब्रिड स्लीप आहे. त्यात रॅममधील मजकूर आधी डिस्कवर उतरवला जातो आणि मगच यंत्र झोपते. वीज टिकली तर ते क्षणात जागे होते, आणि गेली तर डिस्कवरून पूर्ववत उभे राहते. पारंपरिक स्लीप उपलब्ध असलेल्या डेस्कटॉपवर हा पर्याय पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये, स्लीपच्या शीर्षकाखाली सापडतो. तरीही झोपवण्यापूर्वी फाइली सेव्ह करण्याची सवय सोडू नये.

गवाक्ष यांचा प्रतिसाद

दुसऱ्या सहकाऱ्यांच्या "मंदावतो" या तक्रारीला अजून कोणी हात घातलेला नाही. ती निराधार नाही, पण तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे.

संगणक मंदावतो तो झोपल्यामुळे नव्हे, तर जागेपणी साचलेले तसेच राहिल्यामुळे. काही प्रोग्राम आणि ड्राइव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) रॅम घेतात, पण काम झाल्यावर परत करत नाहीत. ब्राउझरमध्ये टॅब वाढत जातात. अपडेट अर्धवट बसून रीस्टार्टची वाट पाहत राहतात. स्लीप हे सारे जसेच्या तसे जपते. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व काही नव्याने सुरू होणे इष्ट असते.

मात्र आपण रोज डेस्कटॉप शटडाऊन करता, म्हणून त्याची रोज नव्याने सुरुवात होते असे समजू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि ती सहसा आपोआप चालू असते. तिच्यामुळे शटडाऊन केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात आणि आपण लॉग आउट होता, परंतु कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्राइव्हर यांची स्थिती हायबरनेटप्रमाणे डिस्कवर लिहून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र हे होत नाही; तिथे कर्नल खरोखरच पहिल्यापासून सुरू होतो. थोडक्यात, विंडोजमध्ये शटडाऊनपेक्षा रीस्टार्ट अधिक संपूर्ण असतो, आणि ही उलटी रचना कितीही वेळा समजावली तरी लोकांना पटत नाही. पडताळा हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या विभागात सीपीयूखाली अप टाइम पाहा. रोज शटडाऊन करणाऱ्यांनाही तिथे अनेक दिवसांचा आकडा दिसतो.

पूर्ण शटडाऊन हवा असेल तेव्हा शिफ्टची कळ दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करावे. त्याच यंत्रावर लिनक्सही असेल, तर फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करणेच शहाणपणाचे ठरते. अन्यथा विंडोजचे विभाजन हायबरनेट अवस्थेत अडकलेले राहते आणि लिनक्समधून त्यावर लिहू गेल्यास फाइली बिघडण्याचा धोका असतो.

अनुस्वार

सर्वांचे आभार. अप टाइम पाहिला. रोज शटडाऊन करूनही तो नऊ दिवसांचा निघाला. डेस्कटॉपचा निर्णय आता झाला. लॅपटॉपची एक अडचण राहते: झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप कधीकधी बाहेर काढताना चांगलाच तापलेला असतो आणि बॅटरीही बरीच उतरलेली असते. स्लीपमध्ये सर्व बंद असते, तर हे कसे घडते?

मिटलेले झाकण यांचा प्रतिसाद

कळफलक यांनी वर्णिलेली एस३ अवस्था आपल्या लॅपटॉपमध्ये बहुधा नसावी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय असते. तिचा हेतू असा की, मोबाइलप्रमाणे संगणकानेही पडदा बंद असताना मधूनमधून जागे होऊन टपाल, सूचना आणि अपडेट यांची दखल घ्यावी. प्रत्यक्षात यंत्र एस० म्हणजे जाग्या अवस्थेतच राहून कमी वीज घेते. एखादा ड्राइव्हर किंवा प्रोग्राम त्याला नीट झोपू देत नसेल, तर मिटलेल्या झाकणाआड काम चालू राहते, आणि बॅगेत हवा खेळत नसल्याने उष्णता कोंडते. माझ्या मते ही अवस्था सर्वांवर सरसकट लादली जायला नको होती; टेबलावर ती चालते, बॅगेत नाही.

आपल्या यंत्रात काय आहे ते पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे जागा सोडून तिरकी रेघ व 'ए' हे रोमन अक्षर टंकावे. उत्तरात उपलब्ध अवस्थांची यादी येते. तीत एस० लो पॉवर आयडल असा उल्लेख असेल, तर निदान निश्चित झाले. त्याच आज्ञेला स्लीपस्टडी हा पर्याय जोडला, तर झोपेच्या काळात बॅटरी कोणी खाल्ली याचा तपशीलवार अहवाल तयार होतो.

तुलनेसाठी पाहा: ५० वॅट-तासांची बॅटरी आणि स्लीपमध्ये अर्धा वॅट खर्च, असे असेल तर लॅपटॉप चार दिवस तग धरतो. खर्च ५ वॅटवर गेला, तर तीच बॅटरी दहा तासांत संपते.

बॅगेत ठेवायचा लॅपटॉप हायबरनेट करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे हे ठरवता येते. बॅटरीवर असताना हायबरनेट आणि चार्जर लावलेला असताना स्लीप, अशी विभागणी सोयीची पडते. हायबरनेटने एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) झिजते, ही शंका पुढे येईलच. रोज ८ जीबी लिहिले तरी वर्षाला ३ टीबीही होत नाहीत, आणि १ टीबीच्या अनेक एसएसडींची हमी ६०० टीबी लेखनापर्यंत असते.

कळफलक

मॉडर्न स्टँडबायचा खुलासा योग्यच आहे. लॅपटॉपसाठी हायबरनेट निवडण्याचे आणखी एक कारण आहे. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधील कूटबद्ध करण्याच्या सोयीने, कूटबद्ध केलेली असली, तरी स्लीपमध्ये तिची किल्ली रॅममध्येच असते. रॅमच्या चिप गोठवून वीज तोडल्यानंतरही त्यांतून अशा किल्ल्या काढता येतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. घरातल्या डेस्कटॉपला याची फिकीर नाही, पण प्रवासात हरवू शकणाऱ्या लॅपटॉपला आहे. मात्र पासवर्ड विचारल्याशिवाय बिटलॉकर आपोआप उघडत असेल, तर हायबरनेटचा हा लाभ पुष्कळच घटतो. त्यासाठी सुरुवातीलाच पिन मागण्याची सोय चालू करावी लागते.

अनुस्वार

आज्ञा देऊन पाहिली. एस० लो पॉवर आयडल असेच आले. झाकणाची सेटिंग बदलली आहे. डेस्कटॉप हायब्रिड स्लीपमध्ये ठेवीन आणि दर शनिवारी रीस्टार्ट करीन.