मदत हवी आहे : कासारवडवली ते महापे रोजच्या प्रवासासाठी जुनी गाडी, सीएनजी वॅगन आर घ्यावी की पेट्रोल टियागो?

नमस्कार मंडळी,

मी कासारवडवलीला आई-वडिलांसोबत राहतो आणि महापे एमआयडीसीतील एका कंपनीत दुपारच्या पाळीत नोकरी करतो. वय सत्तावीस. आमच्या घरात येणारी ही पहिलीच चारचाकी असल्यामुळे गाडीतले कळणारे असे हक्काचे माणूस घरी नाही, म्हणून हा धागा.

आतापर्यंत घरून ठाणे स्टेशनपर्यंत बस, तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली आणि पुढे शेअर रिक्षा असा प्रवास करत आलो आहे. जाताना त्रास होत नाही. रात्री साडेदहाला पाळी सुटल्यानंतर मात्र घोडबंदर रोडवरच्या बसची वाट पाहत घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजून जातात. गेल्या पावसाळ्यात काही दिवस मित्राची मोटारसायकल वापरून पाहिली. एका रात्री विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यात ती बंद पडली आणि ढकलत बाहेर काढावी लागली, तेव्हापासून दुचाकीचा विषय घरात कोणी काढू देत नाही. ऐरोली नाक्यासह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाल्यामुळे विटाव्यात पाणी भरलेले असेल त्या दिवशी मुलुंड-ऐरोली पुलावरून जाण्याचा पर्यायही आता खिशाला परवडतो.

अंतर एका बाजूने सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन ५०. बजेट सर्व धरून चार लाख. यात नाव बदलण्याचा खर्च, विमा आणि गरज पडल्यास टायर हेही आले. दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली २०१९ ची वॅगन आर, एक लीटर इंजिन, कंपनीतूनच बसवलेला सीएनजी, एमएच ०४ पासिंग, दुसरा मालक, ६८,००० किलोमीटर. मालक ४ लाख १० हजार सांगतो. दुसरी आमच्याच सोसायटीतील काकांची २०१८ ची पेट्रोल टियागो, पहिला मालक, ४१,००० किलोमीटर. काका ३ लाख ३५ हजारांना द्यायला तयार आहेत. म्हणजे दोहोंत ७५ हजारांचा फरक आहे.

माझा हिशेब असा आहे. पेट्रोल लीटरला १०४ रुपये आणि सीएनजी किलोला ८० रुपये धरला. कंपन्या जाहीर करतात ते आकडे बाजूला ठेवून, घोडबंदरच्या गर्दीत टियागो लीटरला १५ आणि वॅगन आर किलोला २२ किलोमीटर देईल असे मानले. सध्या आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जावे लागते, त्यामुळे महिन्याचे तेरा दिवस म्हणजे ६५० किलोमीटर होतात. पेट्रोलला सुमारे ४,५०० रुपये आणि सीएनजीला सुमारे २,३५० रुपये, म्हणजे महिन्याला जेमतेम २,१५० रुपयांची बचत. ७५ हजार भरून निघायला जवळजवळ तीन वर्षे. पाचही दिवस जावे लागले तर हीच मुदत वीस-एकवीस महिन्यांवर येते. ऑफिसात पाच दिवसांची कुजबुज सुरू झाली आहे, पण कुजबुजीवर ७५ हजार लावावेत का, हे कळत नाही.

याआधी एका विक्रेत्याकडे जे पाहिले तेही सांगतो, कारण त्यामुळेच मी जरा बिचकलो आहे. गाडी ‘डॉक्टरांची, एकदम टिपटॉप’ आणि ३८,००० किलोमीटर चाललेली होती. (जुन्या गाड्यांच्या बाजारात विकायला येणारी प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हे एक कोडेच आहे.) आत बसलो तर क्लचच्या पेडलचे रबर इतके गुळगुळीत झाले होते की त्यावरच्या रेघा बोटालाही लागत नव्हत्या, आणि स्टिअरिंगवर डाव्या-उजव्या हाताच्या जागा तेलकट चकचकीत दिसत होत्या. सर्व्हिसची कागदपत्रे मागितल्यावर ती ‘मालकाकडे राहिली’ असे उत्तर मिळाले. नंबरावरून सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली तेव्हा दोन वर्षांपूर्वीच त्या गाडीचे रीडिंग ७१,००० होते, असे कळले.

तेव्हा प्रश्न असे की, माझ्या वापराला सीएनजी खरोखर परवडेल का, सहा-सात वर्षे जुन्या सीएनजी गाडीत नेमके काय तपासावे आणि टियागोला ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे चार तारे आहेत या कारणासाठी तीच घ्यावी का? वडिलांचे एक मित्र २०१६ ची डिझेल डिझायर सुचवत आहेत. त्यावरही कोणी दोन शब्द लिहावेत.

प्रतिसाद १

डिझेलचा विचार सोडून द्यावा. महिन्याला सहाशे-हजार किलोमीटर फिरणाऱ्याने इंजेक्टर आणि टर्बोच्या खर्चाची जोखीम घेण्याइतकी बचत त्यात उरत नाही.

प्रतिसाद २

मी चार वर्षे मानपाडा ते रबाळे असा प्रवास सीएनजी वॅगन आरनेच केला आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त एका जागी घसरला आहे. ते ७५ हजार तुम्ही खर्च करत नसून गाडीत अडकवत आहात. तीन-चार वर्षांनी विकाल तेव्हा सीएनजी गाडीला पेट्रोलपेक्षा जास्त भाव येईल आणि त्यातला बराच भाग परत मिळेल. शिवाय दोन गाड्यांच्या विम्यातला फरक तुम्ही धरलेला नाही. वॅगन आरचे इंजिन ९९८ सीसीचे आहे आणि टियागोचे ११९९ सीसीचे. थर्ड पार्टी विम्याचा दर १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे, कर वेगळा. रक्कम लहान असली तरी दरवर्षीची आहे.

आता सीएनजीची दुसरी बाजू. टाकी ६० लीटर पाण्याच्या मापाची असते आणि पंपावरच्या दाबाप्रमाणे तिच्यात साधारण आठ किलो गॅस बसतो. म्हणजे तुम्हाला दर तिसऱ्या फेरीला रांगेत उभे राहावे लागेल. दुपारी रिक्षांची पाळी बदलते त्या सुमारास रांग रस्त्यावर येते. तुमची पाळी रात्री सुटते हे यात तुमच्या पथ्यावरच पडेल. डिकी जवळजवळ संपते. गणपतीला गावी जाताना आई-वडिलांच्या पिशव्या, नारळ आणि मखराचे सामान मागच्या सीटवर घेऊन बसण्याची तयारी ठेवा.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गरम इंजिन बरेच दोष झाकते. थंड गाडी सुरू करून धूर पाहा. निळसर असेल तर ऑइल जळते आहे. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ थर आहे का तेही पाहा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीवर तेच टायर असतील तर ते बदलायचे पैसे भावातून वजा करा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आपल्याकडे पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला येतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला असलेली गाळाची रेघ आणि सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज सहसा कोणी साफ करत नाही. गाडी पेट्रोलवर आणि सीएनजीवर अशी दोन्ही प्रकारे चालवा. माजिवड्याचा उड्डाणपूल तिसऱ्या गिअरमध्ये चढवताना इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली आहे असे समजा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाकीची तपासणी. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) करावी लागते आणि तिची तारीख नोंदलेली असते. २०१९ च्या गाडीची एक तपासणी २०२२ मध्ये आणि दुसरी २०२५ मध्ये झालेली असायला हवी. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असे लिहिले आहे आणि विम्यातही सीएनजीची नोंद आहे, हेही पाहून घ्या.

प्रतिसाद ३

चार ताऱ्यांबद्दल थोडे. टियागोला २०२० मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले आणि वॅगन आरला २०१९ मध्ये दोन, हे खरे आहे. पण टियागोची जी गाडी आदळवली होती तिला पुढे दोन एअरबॅग होत्या. चालकाची एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. २०१८ मध्ये खालच्या प्रकारांत ती नसायची. काकांच्या गाडीचा प्रकार कोणता, हे पाहिल्याशिवाय त्या ताऱ्यांवर विसंबू नका.

भावाबद्दलही एक सूचना. लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा मालक मात्र अजून आधीच्या नव्या किमतीच्या प्रमाणात भाव सांगतो. आजची नवी किंमत समोर ठेवून बोला.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल रात्री काकांच्या टियागोत बसून पाहिले. स्टिअरिंगवर एअरबॅगचा शिक्का नाही आणि डावीकडे डॅशबोर्डवरही नाही. काकांनी खालचा प्रकार घेतला होता आणि ते त्यांनाही आठवत नव्हते. त्यामुळे टियागो घेण्याचे माझे मुख्य कारणच उरले नाही.

आज सकाळी सातला वॅगन आर पाहिली. थंड इंजिन पहिल्याच चावीला सुरू झाले, धूर नाही, बेल्ट शेवटपर्यंत कोरडा आणि स्वच्छ. सर्व्हिस सेंटरमधील नोंदी ६८,००० शी जुळतात. दोन एअरबॅग आहेत. पुढचे दोन टायर २०१९ चे निघाले आणि टाकीची नोंद फक्त २०२२ ची आहे. २०२५ ची तपासणी झालेलीच नाही. या दोन गोष्टी आणि नव्या गाडीची किंमत पुढे केल्यावर मालक ३ लाख ८० हजारांवर आला. ई-चलनाचे १,५०० रुपये बाकी दिसतात, ते तो भरणार आहे. कर्ज फिटले असले तरी आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे.

एकच विचारायचे राहिले. टाकीची तपासणी मालकाने आधी करून द्यावी, की गाडी नावावर झाल्यावर मी करावी?

प्रतिसाद २

आधीच, आणि त्याच्या खर्चाने. टाकी नापास झाली तर नवीन टाकीचा भुर्दंड तुमच्यावर पडेल. बोजा उतरवण्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ त्याच्याकडून घ्या, मग नाव बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या. सर्व रक्कम एकदम देऊ नका. वीस-पंचवीस हजार नाव बदलेपर्यंत हातात ठेवा आणि तसे कागदावर लिहून घ्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळही त्याच कागदावर लिहा, कारण त्याआधीची चलने त्याची आणि नंतरची तुमची. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत करायचा असतो, आणि विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवा. त्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळणार नाही, तेवढ्या फरकाची रक्कम विमा कंपनी मागेल.

धागाकर्ता

मालकाशी बोललो. येत्या शनिवारी टाकी तपासायला देतो आहे. प्रमाणपत्र हातात पडले की टोकन देईन.