गेमच्या पहिल्या स्क्रीनवर 'रेस'ला मराठीत काय लिहायचं?

रानवाट

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र दीड वर्षापासून एक छोटा फँटसी आरपीजी (आपलं पात्र घडवत खेळायचा गेम) बनवतोय, नोकऱ्या सांभाळून, रात्री नि रविवारी, आणि पूर्ण मराठीत. लिखाण सगळं माझ्याकडे आहे. अडलंय ते पहिल्याच स्क्रीनवर. बाहेरच्या गेममध्ये कॅरेक्टर बनवताना 'रेस' निवडायची असते ना, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क वगैरे, आणि त्याप्रमाणे ताकद-बुद्धीचे पॉइंट मिळतात. आमच्याकडे चार आहेत, डोंगरातले, खाडीवरचे, रानातले आणि एक सरड्यासारख्या कातडीचे. पहिल्या बिल्डमध्ये मी घाईत 'जात निवडा' लिहून टाकलं होतं, आंब्याची जात म्हणतो तसं डोक्यात होतं. परवा ते मोठ्या अक्षरात समोर आलं, वर 'जात निवडा' आणि खाली 'बुद्धी +२', आणि अंगावर काटाच आला. 'वंश' लिहून बघितलं तर तेही नीट वाटेना. शब्द बदलून भागेल, की मुळातच काहीतरी चुकतंय? खेळणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी दोघांनीही सांगा.

खडूफळा

जात तर नकोच, आणि वंशही नको. 'प्रजाती' शाळेच्या पुस्तकातला वाटतो पण सरडेवाल्यांना तोच बरा बसतो. बाकी तिघं माणसंच आहेत ना, मग त्यांना 'लोक' म्हण, डोंगरलोक, खाडीलोक.

पण तुझा काटा शब्दामुळे नाही आला, त्या +२ मुळे आलाय. जन्मावरून बुद्धी ठरते हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय म्हणून आपल्याला ते लगेच टोचतं. ज्यांनी ही पद्धत सुरू केली त्यांनाही शेवटी ती बदलावी लागली. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर बसून खेळायचा गेम १९७४ चा, त्यातले ऑर्क आणि ड्राउ (काळ्या कातडीचे एल्फ) कितीतरी वर्षं जवळपास जन्मानेच दुष्ट होते. २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की त्यांनाही इतर माणसांसारखं गुंतागुंतीचं दाखवू, आणि २०२४ च्या नियमांत 'रेस' शब्दच गेला, त्याजागी 'स्पीशीज' म्हणजे प्रजाती आला, आणि ते ताकद-बुद्धीचे पॉइंट पार्श्वभूमीला जोडले, म्हणजे तू आधी काय काम करायचास, सैनिक होतास की लेखनिक, त्यावर. डंजन्स अँड ड्रॅगन्सवरच बेतलेल्या बॉल्डर्स गेट ३ (२०२३) या गेममध्ये तर +२ आणि +१ कुठेही टाका, एल्फ असा नाहीतर ड्वार्फ.

याउलट मोरोविंड (२००२) हा गेम बघ. त्यात रेडगार्ड म्हणजे काळ्या वर्णाची माणसं, त्यांची सुरुवातीची बुद्धी ३०, आणि गोऱ्या ब्रेटनची ५०. लहानपणी मी हे टेबल पाठ केलं होतं आणि मला त्यात काहीच खटकलं नव्हतं.

तोरणमाळ

अर्धवट सांगू नका, त्याच टेबलात गोऱ्या नॉर्डची बुद्धी पण ३० च आहे. सगळ्यात रंग शोधायला लागलो तर गेम बनवायचेच कसे? मला तर जगात फरक हवेत, सगळे सारखे केले तर निवडायचं तरी काय. मोरोविंडमधल्या आर्गोनियनला, म्हणजे सरड्यासारख्या लोकांना, पाण्याखाली श्वास घेता येतो ते शरीर झालं, ते काढू नका प्लीज. विचर ३ (२०१५) हा गेम आला त्या वेळेला पण ओरड झाली होती की सगळी माणसं गोरीच का, अरे ते पोलिश लोकांनी त्यांच्याकडच्या लोककथांतून उभं केलंय, मला त्यात खोट दिसत नाही. आपण आपलं बनवावं.

खडूफळा

नॉर्डचं बरोबर आहे, माझं राहिलं सांगायचं. शरीराचा मुद्दा पण मान्य, पाण्याखालचा श्वास वेगळा आणि बुद्धी वेगळी. विचरचं मात्र पूर्ण पटत नाही. त्यातल्या नोव्हिग्राड शहरात एल्फ-ड्वार्फांचा छळ दाखवलाय तो जबरदस्त लिहिलाय, पण छळ दाखवायला एल्फ चालतात आणि रस्त्यावर सावळा माणूस चालत नाही हे मला खुपतं. पुढे हार्ट्स ऑफ स्टोन या त्याच्याच जोडभागात ओफीर या दूरदेशाचे सावळे लोक आणले, म्हणजे आणता येत होते.

पालावरचा

मी सहसा वाचून निघून जातो पण आज लिहितो.

स्कायरिम (२०११), म्हणजे मोरोविंडच्याच मालिकेतला पुढचा गेम, त्यात खाजीट आहेत, मांजरासारखे, काफिला घेऊन फिरतात, व्यापार करतात. त्यांना शहराच्या वेशीच्या आत घेत नाहीत, चोर म्हणून. ते बाहेर तंबू टाकून बसतात. पहिल्यांदा व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेर ते तंबू बघितले तेव्हा मी गेम थांबवून बराच वेळ बसलो होतो, कारण माझ्या आज्याचं पाल असंच गावाबाहेर पडायचं. आमच्या समाजावर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का बसला होता, हजेरी द्यावी लागायची. तो कायदा गेला १९५२ ला, शिक्का कुठं गेलाय, अजून गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पालावर येतात.

मला वाटलं ज्याने हे लिहिलं त्याला कळलंय. मग मी खाजीट घेऊन नवीन गेम चालू केला. आणि सिलेक्ट करतानाच दिसलं, चोरपावलांनी चालायला +१०, खिसे कापायला +५, कुलूप फोडायला +५. म्हणजे गोष्टीत सांगतात की नॉर्ड लोक त्यांच्यावर उगाच संशय घेतात, आणि आकडे सांगतात की संशय खराच आहे. आणि दुसरं म्हणजे माझा खाजीट वेशीतून बिनधास्त आत गेला, खाजीट म्हणून कुणी अडवलंच नाही. अपमान सगळा बाहेर बसलेल्यांना, मला फक्त कातडं दिलं.

तोरणमाळ भाऊ, फरक पाहिजेत हे मलाही मान्य आहे. फक्त चोरीचा पॉइंट रक्तात टाकू नका. चोरी भूक लागली की कुणीपण शिकतं. आणि आमच्यात शिकार, औषधं, जनावरांची पारख, माग काढणं हे सगळं होतं, ते कुणी कुणाला शिकवलं म्हणून आलं, जन्माला येताना घेऊन नाही आलं.

रानवाट, तुमच्या गेममध्ये रानातले लोक आहेत म्हणालात. त्यांना काय दिलंय?

जांभा

पालावरचा, हे लिहिलंत, बरं झालं.

रानवाट, पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी (२०२०) हा गेम खेळला नसाल तर खेळा. राजी भावाला, गोलूला शोधत निघते. भिंतींवरची चित्रं पहाडी शैलीतली, वाडे राजस्थानी वळणाचे, आणि दुर्गा नि विष्णू गोष्ट सांगतात. त्यात कुणी तिला 'वेगळी' म्हणून बघत नाही कारण ते जगच तिचं आहे. बाकी एक, सावळ्या रंगाचे मॉडेल तुमच्या रात्रीच्या सीनमध्ये आधी टेस्ट करा. मी एका प्रोजेक्टमध्ये लाइट गोऱ्या चेहऱ्यावर सेट केला होता आणि नंतर सावळा हिरो अंधारात नुसता काळा ठिपका दिसायचा, सगळं परत करावं लागलं.

रानवाट

रानलोकांना मी 'लपणे +३' दिलं होतं. पालावरचा यांनी विचारल्यावर फाइल उघडून बघितलं, कुठून आलं ते मलाच सांगता येईना, इतक्या गेममध्ये बघितलंय की हात आपोआप तिकडे गेला. काढलं.

काल तिघं बसलो होतो. ती स्क्रीनच काढायची ठरली. आता सुरुवातीला एक म्हातारी विचारते, 'कुठल्या गावचा रे तू?' आणि मग 'कुणाच्या हाताखाली शिकलास?' पॉइंट सगळे दुसऱ्या उत्तरावर. सरडेलोकांचं पाण्यातलं पोहणं तेवढं ठेवलंय. आणि रानलोक घेऊन खेळलात तर वेशीवरचा शिपाई खरंच अडवणार, त्याचे डायलॉग परत लिहायला घेतलेत. पालावरचा, कच्चं लिखाण पाठवलं तर वाचाल का? त्या शिपायाच्या तोंडी मी जे घातलंय ते मला अजून फार गुळगुळीत वाटतंय.

पालावरचा

पाठवा. रविवारी वाचतो. शिपाई पहिल्यांदा नाव विचारत नाही, आडनाव विचारतो, ते बघा.