वॉल्सॉल यंदा तरी लीग टूमधून वर जाईल का?

अंबडकर सॅडलर

नमस्कार मंडळी,

या विभागात चर्चा बहुधा प्रीमियर लीगची किंवा आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) होते. माझा प्रश्न मात्र इंग्लंडच्या चौथ्या स्तरावरील, म्हणजे लीग टूमधील, वॉल्सॉल या क्लबविषयी आहे. काही वर्षांपूर्वी कंपनीने प्रशिक्षणासाठी बर्मिंगहॅमजवळ पाठवले असता शनिवारी दुपारी करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून बेस्कॉट स्टेडियमवर गेलो आणि नाशिकला परतल्यावरही तो नाद सुटला नाही. घोड्यांची खोगिरे बनवणारे गाव, म्हणून या क्लबला ‘सॅडलर्स’ म्हणतात. १८८८ मध्ये दोन स्थानिक संघ एकत्र येऊन तो स्थापन झाला आणि १९३३ मध्ये त्याने प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्या बलाढ्य आर्सेनलला एफए चषकात २-० असे हरवले. नव्वद वर्षे उलटली तरी क्लबचे नाव निघाले की आधी तोच विजय सांगितला जातो, यावरून नंतरच्या काळाची कल्पना यावी.

२०१९ मध्ये लीग वनमधून खाली आल्यापासून आम्ही येथेच अडकलो आहोत. ज्यांना या स्पर्धेची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, चोवीस संघ प्रत्येकी ४६ सामने खेळतात, पहिले तीन थेट वर जातात आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांत प्लेऑफ होऊन आणखी एकाला बढती मिळते. सरलेल्या २०२४-२५ च्या हंगामात, जानेवारीत, वॉल्सॉल १२ गुणांच्या आघाडीने पहिल्या स्थानावर होता आणि तोही एक सामना हाती राखून. त्याच महिन्यात स्टोक सिटीने लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, दिलेला नेथन लो हा तरुण आघाडीपटू परत बोलावून घेतला. त्याने तोवर लीगमध्ये १५ गोल केले होते. त्यानंतर विजय जणू रुसूनच बसले. तरीही शेवटच्या दिवशी थेट बढतीची संधी शिल्लक होती. आम्ही क्रू येथे जिंकलो, पण ब्रॅडफर्डमध्ये फ्लीटवुडविरुद्ध ९६ व्या मिनिटाला आंतोनी सार्सेविचने गोल केला आणि ब्रॅडफर्ड ७८ गुणांसह तिसरा, तर आम्ही ७७ गुणांसह चौथे राहिलो. पुढे उपांत्य फेरीत चेस्टरफील्डला हरवले, पण २६ मे रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामन्यात एएफसी विम्बल्डनकडून ०-१ असे हरलो.

आता २ ऑगस्ट २०२५ रोजी नवा हंगाम सुरू होईल. आमच्या वर असलेले डॉनकास्टर, पोर्ट व्हेल आणि ब्रॅडफर्ड, तसेच प्लेऑफ जिंकणारा विम्बल्डन, हे चौघेही वर गेल्यामुळे वाट मोकळी झाली आहे, असे माझे मन सांगते. प्रशिक्षक मॅट सॅडलर कायम आहेत, ही त्यात जमेची बाजू. अशा वेळी पहिल्या तिनांत येण्याची आशा बाळगणे शहाणपणाचे आहे, की इतक्या जवळून हुकलेला संघ पुढच्या वर्षी खचतोच असा अनुभव आहे? आणि दोष खरोखर एकट्या लोच्या जाण्याचा होता का? केवळ धीर देणारे उत्तर नको, विचार करून दिलेले हवे आहे.

कोरडा हिशेब

विचार करून दिलेले उत्तर मागितले आहे, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो.

लीग टूच्या प्लेऑफ अंतिम सामन्यात हरलेल्या संघांचे पुढच्या वर्षी काय झाले, ते २०१७ पासून पाहू. एक्सेटर २०१७ मध्ये हरला आणि २०१८ मध्ये पुन्हा अंतिम सामन्यातच हरला. न्यूपोर्ट २०१९ मध्ये हरला. एक्सेटर २०२० मध्ये तिसऱ्यांदा हरला, तोही करोनामुळे रिकाम्या वेम्बलीवर. न्यूपोर्ट २०२१ मध्ये दुसऱ्यांदा हरला. मॅन्सफील्ड २०२२ मध्ये हरला आणि पुढच्या हंगामात केवळ गोलफरकामुळे सातवे स्थानही हुकून आठवा आला. क्रू २०२४ मध्ये हरला आणि नंतर पहिल्या सातांत दिसला नाही. या सगळ्यांत अपवाद एकच आहे. स्टॉकपोर्ट २०२३ मध्ये कार्लाइलविरुद्ध पेनल्टीवर हरला आणि पुढच्या वर्षी ९२ गुण मिळवून विजेता ठरला. म्हणजे आठ वेळांपैकी एकदाच.

कारण मानसिक असेलही, पण मला ते अधिक व्यवहारी वाटते. अंतिम सामना मेअखेरीस संपतो, तोवर इतर क्लबांची खेळाडू निवडण्याची कामे मार्गी लागलेली असतात. अंतिम सामना खेळणाऱ्या क्लबला मात्र आपण कोणत्या स्तरावर खेळणार हेच माहीत नसते, त्यामुळे कोणाला किती पगार द्यायचा हे ठरवता येत नाही. शिवाय अंतिम सामन्यात चमकलेल्या खेळाडूंवर वरच्या क्लबांचा डोळा असतोच.

चौघे वर गेल्यामुळे वाट मोकळी झाली, हा युक्तिवाद मला मान्य नाही. चौघे दरवर्षीच वर जातात आणि त्यांच्या जागी लीग वनमधून चौघे खाली येतात. यंदा ते क्रॉली, ब्रिस्टल रोव्हर्स, केंब्रिज आणि श्रूसबरी आहेत. खालून बार्नेट आणि ओल्डहॅम येत आहेत, आणि यांतला ओल्डहॅम तर १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात खेळलेला क्लब आहे.

थेट बढतीसाठी किती गुण लागतात, तेही पाहावे. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला २०२०-२१ मध्ये ७९, मग ८०, ८३, ८६ आणि गेल्या वर्षी ७८ गुण होते. म्हणजे गेले वर्ष या पाचांतले सर्वांत स्वस्त होते आणि त्यातही तुमचा क्लब एका गुणाने कमी पडला. ८२ गुण धरून चालल्यास प्रत्येक सामन्यामागे पावणेदोनहून थोडे अधिक गुण हवेत, आणि तेही नऊ महिने.

मधली फळी

अंबडकर दादा, मी नाशिक रोडला शालेय मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यामुळे आकड्यांपेक्षा मैदानावर काय होते यावर बोलतो.

गोल करणारा एक खेळाडू गेला म्हणजे त्याचे गोल तेवढे वजा झाले, असे होत नाही. प्रतिस्पर्ध्यांचे बचावपटू ज्याच्या धावेच्या भीतीने मागे उभे राहत होते, तो गेल्यावर तेच बचावपटू दहा-पंधरा पावले पुढे सरकतात, मधल्या भागातील जागा आकसते आणि कालपर्यंत सहज पोहोचणारा पास आज कोणाच्या तरी पायात अडकतो. मग मध्यरक्षकांना वाटते की आपलाच खेळ बिघडला. शाळेच्या स्पर्धांतही हे दिसते. वेगवान मुलगा आजारी पडला की उरलेल्या दहा जणांचा खेळ अचानक संथ भासू लागतो. वॉल्सॉलकडे त्यानंतर मुख्य भार पस्तिशीतील जमील मॅटवर होता. तो उंच आणि अनुभवी आहे, चेंडू छातीवर घेऊन इतरांना खेळात आणतो, पण बचावफळीच्या मागे धावणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणून माझे मत असे की दोष लोच्या जाण्याचा नव्हता, तर तो जाऊ शकतो हे ठाऊक असूनही संघाची सगळी रचना त्याच्या भोवती उभी करण्याचा होता. गोलरक्षक टॉमी सिमकिनही स्टोककडूनच लोनवर आला होता. संघाची दोन्ही टोके दुसऱ्याच्या मालकीची असतील, तर जानेवारीतील एक दूरध्वनी हंगाम फिरवू शकतो.

कोरडा हिशेब

हे पटते, पण अर्धेच. लोनवर तो आला नसता तर १२ गुणांची आघाडीही आली नसती. वॉल्सॉलसारख्या क्लबला असा आघाडीपटू विकत घेणे परवडत नाही. लीग टूमध्ये खेळाडूंच्या पगारावरील खर्च क्लबच्या उत्पन्नाशी बांधलेला असतो आणि उत्पन्न मुख्यतः मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांतून मिळते. लोन हा गरीब क्लबचा एकमेव खरा मार्ग आहे, त्याला नावे ठेवून चालणार नाही.

मधली फळी

नावे ठेवत नाही. लोनवर घ्यावे, पण त्याच जागेसाठी स्वतःच्या मालकीचा दुसरा खेळाडू पहिल्या दिवसापासून तयार ठेवावा आणि तो दुय्यम दर्जाचा असला तरी त्याला नियमित खेळवावे. जानेवारीत घाईघाईने घेतलेला माणूस संघाची चाल समजून घेईपर्यंत एप्रिल उजाडतो.

बालेवाडीचा जुना प्रेक्षक

मी कॉलेज रोडचा, पण नोकरीनिमित्त पुण्यात असताना पुणे एफसीचे सामने पाहत असे. तो संघ दुसऱ्या विभागातून वर येऊन २००९-१० पासून आय-लीग या तेव्हाच्या देशातील सर्वोच्च स्पर्धेत खेळला आणि २०१५ मध्ये बंद पडला. नंतरचा एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये संपला. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात खालून वर येण्याची सोयच नव्हती. आय-लीग जिंकून वर जाण्याचा मान प्रथम पंजाब एफसीला मिळाला तो २०२३ मध्ये. त्यामुळे केवळ खेळाच्या जोरावर क्लबला वर जाता येते, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रेक्षकाला अजून नवी आहे, आणि तुमची ओढ मला पूर्णपणे समजते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘कोरडा हिशेब’ यांनी अंतिम सामना हरलेल्यांची यादी दिली, पण माझ्या मते तुलना चुकीच्या गटाशी झाली. वॉल्सॉलचे खरे दुःख वेम्बलीचे नसून शेवटच्या दिवशी हातची गेलेली थेट जागा हे आहे, आणि याचे अगदी जवळचे उदाहरण नॉर्थॅम्प्टनचे आहे. २०२१-२२ च्या शेवटच्या दिवशी ते तिसऱ्या स्थानावर होते. ब्रिस्टल रोव्हर्सने त्या दुपारी स्कन्थॉर्पला ७-० असे हरवले. गुण ८०-८० झाले, गोलफरकही सारखाच झाला आणि केलेले गोल जास्त म्हणून रोव्हर्स वर गेले. नॉर्थॅम्प्टन प्लेऑफच्या उपांत्य फेरीतही हरला. याहून क्रूर शेवट मला आठवत नाही. तोच क्लब जॉन ब्रॅडी यांच्याच हाताखाली पुढच्या हंगामात ८३ गुणांसह तिसरा आला आणि थेट वर गेला.

वॉल्सॉलचा स्वतःचा इतिहास मात्र उलट दिशेने बोलतो. २०१५-१६ मध्ये ते लीग वनमध्ये ८४ गुणांसह तिसरे आले, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बर्टनला ८५ गुण होते. एका गुणाने चॅम्पियनशिप, म्हणजे वरचा दुसरा स्तर, हुकली आणि प्लेऑफमध्ये बार्न्सलीने दोन सामन्यांत मिळून ६-१ असा धुव्वा उडवला. पुढे काय झाले? टॉम ब्रॅडशॉ त्याच बार्न्सलीकडे गेला, रोमेन सॉयर्स आणि रिको हेन्री ब्रेंटफर्डला गेले आणि तीन वर्षांत क्लब लीग टूमध्ये घसरला. निराशेने संघ खचला असे कोणी म्हणेल, पण मला दिसते ते एवढेच की चांगले खेळाडू विकले गेले आणि त्यांच्या तोडीचे आले नाहीत. म्हणून यंदाच्या आशेची परीक्षा १ सप्टेंबरला, खेळाडूंची खरेदी-विक्री बंद होईल त्या दिवशी करावी, असा माझा सल्ला आहे.

अंबडकर सॅडलर

सर्वांचे मनापासून आभार. २०१५-१६ च्या आठवणीने जखमेवर मीठ चोळले गेले खरे, पण मुद्दा अचूक आहे. मी आजवर वेम्बलीतील पराभवाचा आणि ब्रॅडफर्डच्या त्या गोलाचा विचार करत बसलो होतो, आणि जून-जुलैत कोण गेले व कोण आले याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते.

‘मधली फळी’ सरांना एक विचारतो. लोनवर आलेल्या आघाडीपटूशिवाय सुरुवातीचे आठ-दहा सामने खेळून संघ पहिल्या सातांत राहिला, तर ते चांगले लक्षण मानावे का? ‘कोरडा हिशेब’ यांच्या गणिताने दहा सामन्यांत १८ गुण हवेत. मी स्वतः १६ वरही समाधानी असेन, कारण गेल्या वर्षी आघाडी लवकर मिळाली आणि तीच सांभाळता आली नाही.

मधली फळी

मानावे. फक्त गुणांइतकेच हेही मोजा की गोल किती वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. दहा सामन्यांत सहा-सात जणांची नावे दिसली तर जानेवारीत कोणी गेले तरी संघ कोसळणार नाही. एकाच्याच नावावर निम्मे गोल असतील, तर तक्त्यात पहिला क्रमांक असला तरी मी काळजी करेन.

बालेवाडीचा जुना प्रेक्षक

अंबडकर, एक व्यवहाराची गोष्ट. शनिवारचे तीन वाजताचे सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतात, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की ते मार्चअखेरपर्यंत साडेआठला सुरू होतील. मंगळवार रात्रीचे सामने तर तेव्हा सव्वा वाजता सुरू होऊन पहाटे तीनच्या पुढे संपतात. पहिली पाळी असेल तर ते सोडून द्या, निकाल सकाळी बघा. शनिवारचे समालोचन ऐकत असाल तर मलाही कळवा. क्लब तुमचा असला तरी नॉर्थॅम्प्टनसारखे पुन्हा घडते का, हे पाहण्याची मलाही उत्सुकता आहे.