मदत हवी आहे: चर्चचं जुनं चित्र, अस्सल की नक्कल?

इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या सेंट जुलियट गावच्या चर्चचं पेन्सिलचित्र जुन्या बाजारात मिळालं. मनोऱ्याला तडा, त्यावर वेल चढलेला. म्हणजे १८७१-७२ च्या पुनर्बांधणीआधीचं रूप. (मार्च १८७० मध्ये पाहणीला आलेला तरुण वास्तुरचनाकार म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला टॉमस हार्डी. पण उगाच हुरळलो नाही, चित्रावर सहीच नाही!)

भिंगातून पाहिलं. छपाईचे ठिपके नाहीत, दगडांच्या सांध्यांतल्या रेघा तिरप्या उजेडात चमकतात. आजच्या फोटोंशी ताडलं, मनोरा जुळत नाही. कागदावर पिवळे डाग आहेत. मागे पुठ्ठा घट्ट चिकटलाय, तो सोडवायचा नाही.

तर हे तेव्हा जागेवर बसून काढलेलं, की नंतर कुणी छापील चित्रावरून उतरवलेलं, हे पुठ्ठा न काढता कशावरून ओळखायचं?