मदत हवी आहे: अ‍ॅनिमियाच्या चार गटांसाठी कोणतं मॉडेल घेऊ?

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी गरोदर बायकांमधल्या अ‍ॅनिमियाचा डेटा घेऊन बसले आहे. रजिस्टरमध्ये हिमोग्लोबिनचा आकडाच नाही, नुसता गट लिहिलाय: नॉर्मल (डेसिलिटरमागे 11 ग्रॅम आणि वर), सौम्य (10 ते 10.9), मध्यम (7 ते 9.9), तीव्र (7 च्या खाली). आकडा असता तर साधं लिनियर रिग्रेशन पुरलं असतं, याची फार हळहळ वाटते.

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलर हे फंक्शन वापरून ऑर्डिनल लॉजिट बसवलं (गटांचा क्रम धरणारं मॉडेल; प्रत्येक व्हेरिएबलचा परिणाम सगळ्या सीमांवर सारखाच असं ते मानतं). हे गृहीतक तपासणाऱ्या ब्रँट टेस्टमध्ये लोहाच्या गोळ्यांचं व्हेरिएबल अडकलं. म्हणजे नॉर्मल-सौम्यच्या सीमेवर गोळ्यांचा परिणाम एक, मध्यम-तीव्रच्या सीमेवर वेगळाच. आरच्याच क्लम फंक्शनमध्ये नॉमिनल हा पर्याय देऊन तेवढंच व्हेरिएबल मोकळं सोडलं (सीमेगणिक वेगळा परिणाम), तर शेवटच्या सीमेची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, अवाढव्य आली, कारण तीव्र गटात मोजक्याच बायका आहेत. मल्टिनोमियल (गटांना क्रम नाही असं धरणारं मॉडेल) केलं तर गटांचा क्रमच वाया जातो. ते मनाला पटत नाही.

लिंक, म्हणजे गटांच्या शक्यता व्हेरिएबल्सशी जोडणारं सूत्र, बदलूनही पाहिलं. प्रोबिटचं उत्तर जवळपास लॉजिटसारखंच. कॉम्प्लिमेंटरी लॉग-लॉगचा एआयसी (मॉडेलांची तुलना करायचा आकडा, कमी तितका बरा) जरासा कमी आहे, पण तेवढ्यावरून लिंक बदलावी का? गाइड म्हणतात, मध्यम आणि तीव्र एकत्र कर. पण ज्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, त्याच बायका मग वेगळ्या दिसणार नाहीत. कुणी अशा विरळ गटावर काम केलंय का?