बाबा शिडीवरून पडलेत, कुठं दाखवावं? (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

बी-२०४ : काल संध्याकाळी बाबा टाकीच्या शिडीवरून घसरले, उभेच टाचांवर आदळले. उजवी टाच टम्म सुजलीय, पाय टेकवत नाही. मुका मार म्हणून आंबेहळद-तुरटीचा लेप लावलाय. हाडांचा चांगला डॉक्टर सांगा.

सी-१०१ : मावशीचा पाय मुरगळला तेव्हा आम्ही हाडवैद्याकडे नेलं होतं. चोळून दिल्यावर उतरलं.

ए-३०३ (सिस्टर काकू) : नको हो वहिनी. मुरगळणं वेगळं, उंचावरून टाचेवर पडणं वेगळं. सगळा भार टाचेच्या हाडावर येऊन ते दबून फुटतं. चोळलं की सूज वाढते. कातडीवर फोड आले तर ऑपरेशनही लांबतं.
बी-२०४, तळव्याला काळंनिळं झालंय का? कंबर दुखते का? नीट विचार बाळा.

बी-२०४ : हो काकू, तळव्याच्या मधोमध जांभळं पडलंय. कंबरेतही रात्री कळ येत होती. आम्हाला वाटलं आपटल्यामुळं.

ए-३०३ (सिस्टर काकू) : मग त्यांना उठवू नकोस, चालवू तर अजिबात नकोस. सरळ झोपवून ठेव आणि १०८ ला फोन लाव. असं पडल्यावर काहींचा मणकाही दबतो, आणि पायाच्या ठणक्यात तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. किती उंचावरून पडले आणि कंबर दुखते, दोन्ही डॉक्टरांना आपणहून सांग. डावी टाचही बघायला सांग. पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा लघवी अडली असेल तर तेही. लेप धुऊन टाक.

डी-४०१ : सिव्हिल की मिरज?

ए-३०३ (सिस्टर काकू) : सिव्हिल जवळ आहे, तिथंच न्या. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटं सोबत घ्या.

बी-२०४ : एक्स-रे झाले. टाच फुटलीय, चीर सांध्यात गेलीय वाटतं, म्हणून सीटी स्कॅन सांगितलाय. कंबरेचा एक मणका थोडा दबलाय. नसांना धक्का नाही म्हणाले. पण टाचेचं ऑपरेशन लगेच का करत नाहीत?

ए-३०३ (सिस्टर काकू) : सुजलेल्या कातडीवर टाके धरत नाहीत रे. सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसल्या की करतात, आठवडा-दोन आठवडे जातात. बाबांना शुगर आहे, म्हणजे जखमेला जास्तच जपावं लागणार. पाय उशांवर उंच ठेव. बर्फ कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटंच. ऑपरेशन होवो न होवो, दोन-तीन महिने त्या पायावर भार नाही.

सी-१०१ : आमच्याकडं व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची आहे, घरी आणाल तेव्हा घेऊन जा. रात्रीचा डबा मी पाठवते.

डी-४०१ : रात्री दवाखान्यात मी थांबतो, तू घरी येऊन झोप.