मदत हवी आहे: लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये आईला हरणं दाखवायची आहेत

बडोदेकर मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन भावाकडे लंडनला जातोय. रिचमंड पार्कात ६०० च्या वर हरणं मोकळी फिरतात, तीही १६३७ पासून! आईनं हरणं फक्त जाळीमागची पाहिलीत. तिला ती मोकळ्या कुरणात दाखवायचीच आहेत.

तिचे गुडघे दुखतात, सलग दहा-पंधरा मिनिटंच चालवतं. व्हीलचेअरला ती तयार नाही. गाडी नाही, त्यामुळे ट्रेन आणि बस.

पार्कचा नकाशा पाहिला. रिचमंड स्टेशनवरून ६५ किंवा ३७१ नंबरची बस आहे, पेम्ब्रोक लॉजला कॅफे आणि टॉयलेट आहे, एवढं कळलं. चढ मात्र नकाशावरून समजत नाही. शिवाय ऑक्टोबर हा हरणांच्या माजाचा काळ, नर अंगावर येऊ शकतात, म्हणून निदान ५० मीटर लांब राहायचं. खायला घालायला बंदीच आहे, तो प्रश्न नाही.

तिकडे वयस्कर माणसांना नेलेल्यांनी सांगा: पीटरशॅम गेटनं लॉजकडे जाताना चढ फार आहे का, की रिचमंड गेट बरं? आणि लॉजच्या आसपास बाकावर बसून, एवढ्या अंतरावरून सकाळी हरणं दिसतात, की आत बरंच चालावं लागतं?